शैक्षणिक उपक्रमांतील समान प्रवेश आणि भेदभावविरहितता : लिंबागणेश परिसरातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

बीड तालुक्यात, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात लिंबागणेश हे गाव वसलेले आहे. भालचंद्र गणेशाचे स्थान म्हणून ते पंचक्रोशीत परिचित आहे. या परिसराची दुसरी ओळख ऊसतोडीची. हलकी, मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि गावात कामाचा अभाव यांमुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाटोदा, केज, धारूर, वडवणी, शिरूर कासार आदी तालुक्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघालेल्या ट्रकांमध्ये भांडीकुंडी, धान्य, शेळ्या-कोंबड्या आणि त्यांच्यासोबत शाळेच्या पटावरील मुलेही असतात.

शिक्षणातील समान संधीची चर्चा बहुधा प्रवेशाच्या दारापाशी थांबते. कोणास प्रवेश मिळाला, कोणास नाकारला गेला, आरक्षणाचे प्रमाण किती, शुल्कात सवलत किती, या प्रश्नांना तीत अग्रक्रम असतो. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु लिंबागणेश परिसरातील ऊसतोड कामगाराच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेने प्रवेश नाकारलेला नसतो. त्याचे नाव हजेरीपटावर असते, गणवेश व पाठ्यपुस्तके त्याला मिळालेली असतात आणि वर्गात त्याला कोणी वेगळे बसवीत नाही. तरीही वर्षअखेरीस तो इतरांच्या मागे पडलेला असतो. हा भेदभाव प्रवेशनोंदवहीत सापडत नाही. तो शाळेच्या वर्षाच्या आखणीत दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

समान वागणूक आणि समान प्रवेश :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समानता दिली आणि अनुच्छेद १५ ने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली. ही समानता केवळ आकारिक नाही, याची जाणीव प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी झाली. मद्रास प्रांतातील शैक्षणिक जागांच्या वाटपासंबंधी चंपकम दोराईराजन खटल्याचा निकाल १९५१ साली लागला आणि त्यानंतर त्याच वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथा खंड जोडण्यात आला. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करणे हे समतेचेच अंग आहे, अशी भूमिका त्यामागे होती. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ अ द्वारे ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क प्राप्त झाला.

भेदभाव हेतुपुरस्सरच असावा लागतो काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. युनेस्कोने १९६० साली स्वीकारलेल्या शिक्षणातील भेदभावविरोधी कराराने त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. ज्या वेगळेपणाचा, वगळण्याचा वा मर्यादेचा हेतू किंवा परिणाम शिक्षणातील समान वागणूक नष्ट करण्याचा असेल, तो भेदभाव समजावा, असा त्या व्याख्येचा आशय आहे. यातील ‘किंवा परिणाम’ हे शब्द ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या दृष्टीने मोलाचे आहेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७४ साली आलेला लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरातील शाळांत इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुले होती. त्यांना इतरांसारखेच शिक्षक, तीच पुस्तके आणि तोच अभ्यासक्रम दिला जात होता आणि म्हणून भेदभाव होत नाही, असा प्रशासनाचा बचाव होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. जी मुले शिकविण्याची भाषाच समजू शकत नाहीत, त्यांना केवळ समान साधने पुरविल्याने समान वागणूक मिळत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. भाषेच्या जागी वेळापत्रक ठेवले, तर हाच युक्तिवाद बालाघाटच्या शाळांना तंतोतंत लागू पडतो.

प्रादेशिक पार्श्वभूमी :

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू असल्यामुळे मराठी मुलांचा वरच्या वर्गांतील मार्ग भाषेनेच अडविला होता. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, जेथे स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले, ही त्या अडसराला समाजाने दिलेल्या उत्तरांपैकी एक होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्याच्या परिसरात वसतिगृहांचीही सोय केली. गरीब विद्यार्थ्याला प्रवेश देऊन भागत नाही, त्याच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था हाही प्रवेशाचाच भाग असतो, हे महाराष्ट्रातील शिक्षणधुरीणांनी फार पूर्वीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात उभारलेली वसतिगृहे आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांचे १९२४ चे साताऱ्यातील वसतिगृह ही त्याचीच उदाहरणे आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आजही वसतिगृहाचाच विचार करावा लागतो. यावरून ती दृष्टी किती वास्तवाला धरून होती, हे दिसून येते.

दोन वेळापत्रके :

महाराष्ट्रातील शाळा साधारणतः जूनच्या मध्यास सुरू होते. पहिले सत्र दिवाळीपर्यंत आणि दुसरे त्यानंतर एप्रिलअखेरपर्यंत चालते. साखर कारखान्याचे वर्ष वेगळे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि उसाच्या उपलब्धतेनुसार मार्च-एप्रिलपर्यंत चालते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजेच हंगाम संपला, की टोळ्या गावी परततात. ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवली असता असे आढळते की, ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या वाट्याला पहिले सत्र येते आणि दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण हातचे जाते. पहिली ते आठवी या आठ वर्षांत दरवर्षी असे घडल्यास त्याच्या पदरी प्रत्यक्ष शिक्षण चार-साडेचार वर्षांचेच पडते. त्यातही दरवर्षी नेमका पाठ्यपुस्तकाचा उत्तरार्ध वगळलेला असतो. गणितासारख्या विषयात उत्तरार्ध सुटला की पुढील इयत्तेचा पूर्वार्धही समजेनासा होतो. मूल अभ्यासात कच्चे आहे, असा शिक्षकाचा व पालकाचा समज होतो. वास्तविक त्याला अर्धेच पुस्तक शिकविलेले असते.

मूल सोबत का नेले जाते, याचे उत्तर मजुरीच्या पद्धतीत आहे. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडावयाची असते. एक कोयता दिवसाकाठी सुमारे दोन टन ऊस तोडतो, साळतो, मोळ्या बांधतो आणि वाहनात भरतो. पहाटे फडात गेलेले आईबाप केव्हा परततील, याचा नेम नसतो. भरणी तर रात्री-अपरात्रीही चालते. अशा वेळी कोपीवर लहान भावंड सांभाळण्यास, पाणी आणण्यास, वाढे गोळा करण्यास कोणीतरी लागतेच. मुलाच्या श्रमाला वेगळी मजुरी नसते, परंतु त्याच्याविना कोयत्याचा टनभार घटतो. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे विधान या संदर्भात वारंवार केले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. गावी आजी-आजोबा धडधाकट असतील, तर मूल मागे ठेवण्याकडेच अनेक कुटुंबांचा कल असतो.

या प्रश्नाला परीक्षेच्या नियमाने अलीकडे नवी धार आली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, तेव्हा त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीसाठी परीक्षा घेण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ साली नियमांत बदल करून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पूरक मार्गदर्शन व पुनर्परीक्षेची संधी आहे. तीतही अपयश आल्यास तो त्याच वर्गात राहतो. नियम सर्वांना सारखा आहे. मात्र दुसऱ्या सत्रात उसाच्या फडावर असलेले आणि परीक्षेच्या तोंडावर गावी परतलेले मूल व वर्षभर वर्गात बसलेले मूल यांच्यापुढे एकच प्रश्नपत्रिका ठेवली जाते, तेव्हा सारखेपणाचा परिणाम काय होतो, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही.

साखरशाळेपासून हंगामी वसतिगृहापर्यंत :

या विषमतेवर महाराष्ट्रात दोन दिशांनी उपाय झाले. एक, मूल जेथे जाते तेथे शाळा नेणे. दुसरा, मूल जेथे आहे तेथेच त्याला राहू देणे.

पहिल्या दिशेचे फलित म्हणजे साखरशाळा. कारखान्याच्या आवारात वा टोळ्यांच्या तळाजवळ हंगामापुरती चालणारी ही शाळा. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ या संस्थेने या क्षेत्रात केलेले काम सर्वज्ञात आहे. साखरशाळेच्या मर्यादा उघड होत्या. पाचटाच्या छताखालचा वर्ग, हंगामापुरते शिक्षक, एकाच खोलीत अनेक इयत्ता आणि गावच्या शाळेशी सैल संबंध. तरीही ती मुलाच्या कोपीपासून हाकेच्या अंतरावर होती, ही तिची जमेची बाजू होती. शिक्षणहक्क कायद्याने शाळेसाठी मानके व मान्यता बंधनकारक केल्यानंतर साखरशाळांना कायदेशीर आधार उरला नाही आणि त्या मागे पडल्या. स्थलांतरित मुलांना जवळच्या नियमित शाळेतच बसवावे, असे धोरण पुढे आले. दर्जाच्या दृष्टीने हे धोरण योग्यच होते. परंतु हंगामात एका तळावरून दुसऱ्या तळावर हलणाऱ्या कुटुंबाला ‘जवळची शाळा’ कोणती, याचा पुरेसा विचार त्यात झाला नाही. कायद्याने कमी दर्जाची शाळा नाकारली आणि काही मुलांच्या वाट्याला कोणतीच शाळा उरली नाही.

वास्तविक याच कायद्यात स्थलांतरित बालकासाठी भक्कम तरतुदी आहेत. कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळते. कलम ५ नुसार मुलास दुसऱ्या शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा आणि दाखल्यास विलंब झाला या कारणाने नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असेही त्यात म्हटले आहे. जन्मदाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४) आणि शैक्षणिक वर्ष सुरू होऊन गेले म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १५). दुर्बल व वंचित घटकांतील मुलांबाबत भेदभाव होणार नाही, याची जबाबदारी कलम ८ व ९ ने अनुक्रमे शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून कलम ९ मध्ये स्वतंत्रपणे नमूद आहे. येथे ‘स्थानिक प्राधिकरण’ कोणते, हा व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मूल बीड जिल्हा परिषदेच्या पटावर आणि प्रत्यक्षात सांगली, कोल्हापूर वा बेळगाव जिल्ह्यात. एका ठिकाणी ते ‘नोंदलेले’ म्हणून शाळाबाह्य ठरत नाही, दुसऱ्या ठिकाणी ‘बाहेरचे’ म्हणून मोजले जात नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलापुढे कन्नड माध्यमाचा प्रश्न आणखी वेगळा. लाऊ खटल्यातील चिनी मुलांची अडचण तेथे त्याच्याही वाट्याला येते.

स्थलांतर करताना मुलासोबत ‘शिक्षण हमी कार्ड’ द्यावे, जेणेकरून नव्या शाळेत त्याला विनाविलंब बसविता येईल, अशी व्यवस्था राज्याने केली. कल्पना चांगली आहे. अमेरिकेत हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ पासून केंद्रीय शिक्षणकार्यक्रम चालतो. तेथे अशाच गरजेतून मुलांच्या शैक्षणिक व आरोग्यविषयक नोंदी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथील मध्यवर्ती संगणकात ठेवण्याची पद्धत सुरू झाली होती. १९९० च्या दशकात ती बंद पडली आणि पुढे नवी यंत्रणा उभारावी लागली. नोंद मुलाच्या आधी पोहोचली तरच उपयोगी ठरते, हा त्या अनुभवाचा बोध आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होऊ लागली. त्यामुळे जाणारी शाळा व येणारी शाळा यांची सांगड घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. मात्र पटसंख्येवर शिक्षकांची पदे अवलंबून असल्याने मूळ शाळेला मुलाचे नाव कमी करणे परवडत नाही. कार्ड देण्यातील अनुत्साहाचे हे एक कारण मानावे लागते आणि त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे न्यायाचे होणार नाही.

दुसऱ्या दिशेचे फलित म्हणजे हंगामी वसतिगृह. पालक ऊसतोडीला गेले असता मुलाने गावातच आजी-आजोबा वा नातेवाइकांकडे राहावे आणि त्याच्या दोन वेळच्या भोजनाची सोय शासकीय अनुदानातून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत व्हावी, असे तिचे स्वरूप आहे. नावात ‘वसतिगृह’ असले, तरी बहुतेक ठिकाणी वसती नातेवाइकाच्या घरी आणि जेवण शाळेजवळ, अशी विभागणी असते. बालाघाटातील गावांसाठी ही सर्वांत व्यवहार्य योजना होय, यात दुमत नसावे. तिच्यामुळे मूल गावच्या शाळेत, स्वभाषेत आणि ओळखीच्या शिक्षकांजवळ राहते. परंतु तिचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे मंजुरीची तारीख. ट्रक दिवाळीच्या आगेमागे निघतात. तोपर्यंत वसतिगृह सुरू झालेले नसेल, तर ‘पुढे सुरू होईल’ या आश्वासनावर कोणतीही आई सहा वर्षांचे मूल मागे ठेवणार नाही. डिसेंबरात सुरू झालेले वसतिगृह हे आधीच गेलेल्या मुलांसाठी नसतेच. विलंबाच्या तक्रारी आणि फुगविलेल्या पटाचे आरोप या योजनेच्या वाट्याला वारंवार आले आहेत. आरोपांमुळे तपासणी वाढते आणि तपासणीमुळे मंजुरी आणखी लांबते.

व्यवस्थापन समितीच्या रचनेतही एक विसंगती आहे. कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्या सदस्यांपैकी तीनचतुर्थांश पालक असावयाचे आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावयाचे आहे. हंगामी वसतिगृहाचा कारभार ज्या महिन्यांत चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्या मुलांचे पालक गावाबाहेर असतात. जेवण निकृष्ट असल्यास जाब विचारणारे कोणी गावात उरत नाही. मुलांची यादी आणि देखरेखीची जबाबदारी सप्टेंबरच्या सभेतच, मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना सामील करून निश्चित केली, तर ही उणीव बरीचशी भरून निघू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले आणि २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली. तीत ४१ तालुक्यांत मुले व मुली यांच्यासाठी प्रत्येकी एक, अशा ८२ वसतिगृहांची तरतूद आहे. तालुक्याच्या गावी निवासी सोय ही पाचवीनंतरच्या मुलांसाठी निश्चितच उपकारक आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला मात्र गावातलेच छत हवे असते. त्यामुळे या योजनेने हंगामी वसतिगृहांची गरज संपत नाही.

मुलींचा प्रश्न :

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के होते. पुरुषांत ते सुमारे ८६, तर स्त्रियांत सुमारे ६८ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. संपूर्ण राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. या आकड्यांमागे स्थलांतर हे एकमेव कारण नाही, पण ते मोठे कारण आहे. मुलगा आजोबांकडे ठेवता येतो. वयात आलेली मुलगी सहा महिने मागे ठेवण्याची धास्ती पालकांना वाटते आणि सोबत नेल्यास फडावरील उघड्या कोपीत ती सुरक्षित वाटत नाही. या दुहेरी कोंडीतून लग्न हा मार्ग काढला जातो. लग्न झाले की मुलगी व तिचा पती मिळून नवा कोयता तयार होतो, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही.

शासनाच्या योजना येथे हेतूने चांगल्या असूनही परिणामाने अपुऱ्या पडतात. दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींना १९९२ पासून दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना आहे. रक्कम अल्प असली, तरी तत्त्व महत्त्वाचे. पण ज्या मुलीला शाळेत टिकविण्याची सर्वाधिक निकड आहे, तिची उपस्थितीच हंगामात शून्य असते. दुसऱ्या टोकाला, २०२४ साली राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींचे शिक्षण शुल्क संपूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. तो सोळाव्या वर्षी विवाह झालेल्या मुलीपर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न उरतो. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागांच्या सोडतीवर दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांचे रकाने भरतात. नोव्हेंबरात रिकाम्या होणाऱ्या बाकांची बातमी क्वचितच होते.

महाविद्यालयीन स्तर :

हा प्रश्न आठवीला संपत नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या कला शाखेत प्रवेश घेणारे काही विद्यार्थी स्वतः कोयता हाती घेऊन जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली उच्च शिक्षणसंस्थांतील समतेच्या संवर्धनासाठी विनियम केले, समान संधी कक्षाची अपेक्षा व्यक्त केली आणि जात, धर्म, भाषा, वंश, लिंग व अपंगत्व यांवरून होणाऱ्या भेदभावास मनाई केली. हंगामी स्थलांतर या यादीत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने मात्र सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांत स्थलांतरित समूहांचा स्पष्ट उल्लेख केला आहे.

सत्र पद्धतीत दुसऱ्या सत्राचे अध्यापन डिसेंबर ते मार्च या काळात होते, म्हणजे गाळपाच्या ऐन भरात. ७५ टक्के उपस्थितीची अट साधारणतः सर्वांना लागू असते आणि तिच्या अभावी परीक्षेस बसता न आल्यास विद्यार्थी निमूटपणे गळतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे, पण नियमित महाविद्यालयाने आपली जबाबदारी तिकडे ढकलावी, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रवेश अर्जात जात, उत्पन्न, अपंगत्व यांचे रकाने असतात. ‘कुटुंब हंगामी स्थलांतर करते काय’ हा एक रकाना वाढविल्यास कोणत्या विद्यार्थ्यांची अंतर्गत परीक्षा दिवाळीपूर्वी घ्यावयाची, कोणाला वसतिगृहात जागा राखावयाची आणि कोणासाठी एप्रिल-मेमध्ये जादा तासिका ठेवावयाच्या, हे जूनमध्येच ठरविता येते. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांना हा रकाना पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेश अर्जापासूनच घालता येण्यासारखा आहे.